मिरजेच्या फायनलचे अकरा गुण

"पंख्याखालची खुर्ची बघ गं," आत्याबाई म्हणाल्या. "आणि भोंग्याजवळ नको. कान फुटतात माझे."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा पंचाऐंशीच्या पुढं होत्या. दात अर्धे गेलेले, कान मात्र मांजराचे. जेवण असलेला कार्यक्रम त्या सोडत नसत. सांगलीच्या त्या मंगल कार्यालयात जिलेबी-मठ्ठ्याचा बेत आहे हे आमच्या आधी त्यांना कळलेलं.

मी त्यांना पंख्याखाली बसवलं आणि शेजारी टेकले. घामानं पाठ ओली झालेली. स्टेजवर मोठा फ्लेक्स लावला होता. 'पहिल्या पगारी महिला कबड्डीपटू', आणि खाली कोष्टक. नाव, संघ, सामने, चढाया, गुण. सगळ्यात वरच्या ओळीत नाव होतं, हौसा वायदंडे.

"कबड्डीच्या बायकांचा सत्कार म्हणं," आत्याबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "तू का एवढी घामाघूम झालीयास?"

"उकडतंय हो."

"मग नवं लुगडं कशाला नेसलीस? सुती नेसायचं की."

ह्याचं उत्तर सासूला सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी कपाटासमोर उभं राहून मी आधी रोजचं पातळ काढलं, मग ते ठेवलं आणि हिरवी इरकल काढली. आज कदाचित आपलं नाव घेतलं जाईल, ह्याची भीती होती, आणि नाव घेतलं तर चारचौघांत जरा बरं दिसावं, असंही वाटत होतं. बाईमाणसाचं डोकं असं दोन्हीकडून चालतं. निदान माझं तरी.

आमचे हे स्टेजवर बसले होते. मगदूम सर. तासगावात हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. कोष्टकं करणारा भूषण हिंगमिरे हा त्यांचा जुना विद्यार्थी. बँकेत नोकरी करून पोरानं चार वर्षं जुनी वर्तमानपत्रं, गुणलेखकांचे तक्ते, कुठली-कुठली कपाटं धुंडाळली आणि ज्या बायकांनी आपल्या भागात पहिल्यांदा पगार घेऊन कबड्डी खेळली त्यांच्या कारकिर्दीचे आकडे जमवले. गुरुजींच्या हस्ते ढाल द्यायची ही त्याची हौस. ह्यांनी कौतुकानं होकार दिला आणि घरी येऊन मला म्हणाले, "अगं, त्यातली एक तर तुझ्या माहेरच्या गावची आहे. हौसा वायदंडे. ओळखतेस का?"

"तोंडओळख होती," मी म्हटलं.

तोंडओळख! एका पाटीवर पेन्सिल फिरवलेल्या आम्ही दोघी.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी हौसाचा फोन आला होता. दुपारची वेळ, हे झोपलेले. मी फोन घेऊन परसात गेले.

"पद्मे, भूषणनं आकडे काढल्यात. मी एक नंबर हाय."

"बातमी कळली. शाब्बास गं."

"शाब्बास कसलं डोंबलाचं? त्यात मिरजेची फायनल हाय. ती तुझी हाय."

मी परसाचं दार ओढून घेतलं.

"इतकी वर्सं लोक मला म्हणत्यात, हौसा, मिरजेला काय खेळलीस गं! मी आपली हसती. लाज वाटती गं मला. मी बाकड्यावर पाय सुजवून बसलेली. मी आता ते अकरा गुण घेऊन मिरवणार न्हाई. तुझं तुला द्यायचं हाय."

"हौसे, आत्ता ह्या वयात कशाला? आमच्या घरी ठाऊक नाही गं."

"मग ठाऊक हू दे की. चोरी केलीस व्हय?"

"आत्याबाई आहेत अजून. अप्पांनी शब्द दिला होता त्यांना."

"तू ये तर. बघू मग."

ठामपणे 'नको' म्हणायला हवं होतं. 'माझं नाव घेतलंस तर बघ' असं खडसावलं असतं तर हौसा थांबली असती, मी तिला ओळखते. पण मी नुसतं "बघ बाई, तुझं तू" म्हटलं आणि फोन ठेवला. ते तसं का म्हटलं ते त्या हिरव्या इरकलीला विचारा.

मिरजेची गोष्ट शहात्तर सालातली. माझे वडील, अप्पा, गावच्या बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, उपाध्ये. रोज पार्श्वनाथाची पूजा, सोवळं-ओवळं, सूर्य मावळायच्या आत जेवण. सातवीपर्यंत मी शाळेकडून कबड्डी खेळले. मग एक दिवस कुणीतरी अप्पांना म्हणालं, पोरगी चड्डी घालून बाप्यांच्या गर्दीसमोर खेळते. अप्पांनी मला मारलं नाही. गाभाऱ्यासमोर उभं केलं आणि "पुन्हा खेळणार नाही" अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली. आणि परसातल्या चिंचेखाली हौसाबरोबर खेळत राहिले, कारण परसात खेळणं म्हणजे काही खेळणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

हौसाला असली बंधनं नव्हती. तिला पोटाची होती. गावाच्या शिवेवर सूतगिरणी निघाली, गिरणीनं बायकांचा संघ काढला, आणि हौसा हजेरीपटावर लागली. सकाळी कांडी भरायची, दुपारनंतर मैदान. पगार खेळायचा. आमच्या भागात बाईला खेळायचे पैसे मिळतात ह्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. तिनं मला सगळं शिकवलं. पाय कसा टाकायचा, दम कसा पुरवायचा. आणि एक गोष्ट अशी शिकवली की त्यावरून तिनं मला एकदा थोबाडलंसुद्धा होतं. मला हात लागला होता आणि मी 'नाही लागला' म्हणाले होते.

"हात लागला की आपणहून हात वर करायचा," ती म्हणाली होती. "पंचाला दिसू दे न्हाईतर न दिसू दे. पंच काय तुझ्या कातडीत बसलाय व्हय?"

फायनलच्या वेळी माझं लग्न ठरत आलेलं. ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून मी धाकट्या मावशीकडं मिरजेला गेले होते. मॅच बघायला म्हणून मैदानावर गेले तर हौसा तंबूत पाय धरून बसलेली. सकाळी सराव करताना घोटा उलटला होता. राखीव पोरगी तापानं फणफणलेली. सहा जणींनी उतरायचं का, ह्यावर गिरणीचे साहेब डोकं धरून बसले होते. बाहेरची खेळाडू चालत नव्हती, गिरणीच्या हजेरीपटावरचीच लागायची.

हौसानं माझ्याकडं बघितलं. मग अंगातला सात नंबरचा शर्ट काढून माझ्या मांडीवर टाकला.

"जा. माझ्या नावावर खेळ."

"शपथ घेतलीय मी, हौसे."

"पद्मिनीनं घेतलीय. तू आता हौसा हाईस."

त्या काळी असं सर्रास चालायचं. एकाच्या नावावर दुसरा उतरायचा, तोंड कोण बघतंय? संघातल्या पोरीसुद्धा मला हौसाची मैत्रीण एवढंच ओळखायच्या. मी शर्ट घातला, वेणी आत खुपसली आणि रेषेवर जाऊन उभी राहिले.

आता सांगताना सुद्धा अंगावर काटा येतो बघा. मी आयुष्यात दोन लेकरं वाढवली, घर बांधलं, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली. पण त्या मैदानात तोंडानं कबड्डी-कबड्डी चाललेली आणि समोरच्या सात जणी माझ्या पायाकडं बघत मागं सरतायत, तसं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. शेवटच्या चढाईत तिघींनी मला धरलं. मी रेषेवर आडवी पडले आणि हात पुढं टाकला. बोटं रेषेपलीकडं गेली. त्याच वेळी कुणाचं तरी कोपर माझ्या भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त उतरलं. पंचाची शिट्टी ऐकली, लोक ओरडले, "हौसा! हौसा!" आणि हौसा लंगडत येऊन माझ्या गळ्यात पडली.

डॉक्टरनं भुवईला टाके घातले. मावशीनं डोळे पुसत घरी सांगितलं, पोरगी मिरजेतल्या बस्तीच्या पायरीवरून पडली. पुढच्या आठवड्यात मगदुमांकडची मंडळी बोलणी पक्की करायला आली. आत्याबाईंनी माझी भुवई बघितली आणि अप्पांना विचारलं, "मुलगी खेळती-बिळती का बाहेर? असलं आमच्यात चालत नाही." अप्पांनी बस्तीकडं हात केला. "पार्श्वनाथ साक्षी आहे. माझ्या मुलीनं शब्द मोडला नाही." त्यांना खरंच तसं वाटत होतं. पुढं सहा महिन्यांत ते गेले. आत्याबाई मात्र जन्मभर लोकांना सांगत राहिल्या, उपाध्यांचा शब्द म्हणजे शब्द. माझ्या हातून दूध उतू गेलं, पापड जळले, तरी त्या एका शब्दावर मला सगळं माफ असायचं.

तर त्या दिवशी हॉलमध्ये भूषणनं एकेकीचं नाव पुकारलं. बायका उठत होत्या. कुणी काठी टेकत, कुणी नातीचा हात धरून. प्रत्येकीचे सामने, चढाया, गुण वाचले जात होते आणि त्यांच्या घरचे लोक टाळ्या पिटत होते. एका म्हातारीचा मुलगा तर रडलाच. आईनं इतके गुण मिळवलेत हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.

"बघ की," आत्याबाई म्हणाल्या, "पोरगं कसं रडतंय."

मग हौसाला बोलावलं. तिच्या गिरणीच्या संघातल्या बाकीच्या काही वारलेल्या, काही लेकींकडं पांगलेल्या. आलेली ही एकटीच. अंगानं वाळली होती, पण चाल तीच, पंजावर उचललेली. ह्यांनी ढाल हातात घेतली. हौसानं ती घ्यायच्या आधी माइक ओढला.

"जरा थांबा, सर. ह्यातलं मिरजेच्या फायनलचं अकरा गुण माझं न्हवंत. माझा पाय सुजलावता. सात नंबरचा शर्ट घालून खेळली ती दुसरीच. ते गुण काढलं तर मी एक नंबरला बसत न्हाई, मला ठाऊक हाय. पर ज्याचं त्याला." तिनं हॉलभर नजर फिरवली आणि मी तिला सापडले. केवढी हसली! "पद्मिनी उपाध्ये. ती बघा, पंख्याखाली. पद्मे, ऊठ गं!"

लोकांनी माना वळवल्या. टाळ्या सुरू झाल्या होत्या, मला आठवतंय. कुणाचंच तोंड वाकडं नव्हतं. सगळे हसून बघत होते. स्टेजवरून हे सुद्धा हसत होते, काही न कळून.

"कोण पद्मिनी उपाध्ये?" आत्याबाईंनी माझा दंड धरला. लग्नात माझं नाव बदललेलं, पद्मिनी घरात कुणी म्हणत नसे. "तुला म्हणायलीय का ती?"

माझे पाय उठायला निघाले होते. देवाशप्पथ सांगते, टाचा उचलल्या होत्या मी. पण दंडावरचा तो हाडकुळा हात, आणि डोळ्यांपुढं अप्पा बस्तीकडं हात करून उभे. मी पुन्हा खुर्चीत बसले.

"नाही हो. दुसरी कुणीतरी असेल."

भूषण उत्साहानं दुसरा माइक घेऊन माझ्यापर्यंत धावत आला. "काकू, तुमचं माहेर उपाध्येच ना? तुम्ही खेळलाय?"

"मी कधी खेळले नाही," मी म्हटलं.

हळूच म्हटलं होतं. पण माइक तोंडापाशी होता. ते वाक्य भोंग्यातून सगळ्या हॉलभर गेलं आणि टाळ्या थांबल्या.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण आत्याबाईंनी भूषणच्या मनगटाला धरून माइक आपल्याकडं ओढला. "अहो बाई, कुणाबद्दल बोलताय? हिच्या वडलांनी देवासमोर शब्द दिलाय मला. उपाध्यांची लेक आहे ती. चड्डी घालून नाचणारी नव्हं. उगं चांगल्या घरच्या बाईचं नाव घेऊ नये असं चारचौघांत!"

कुणीतरी हसलं. ढाल घेतलेली एक बाई खाली मान घालून बसली. त्या सगळ्याच चड्डी घालून खेळलेल्या.

ह्यांना फार अवघडल्यासारखं झालं. सज्जन माणूस. त्यांनी स्टेजवरूनच समजूत काढली. "हौसाताई, इतकी वर्षं झाली, नावात गल्लत होऊ शकते. आमच्या मंडळींची आणि तुमची नुसती तोंडओळख आहे."

तोंडओळख हा शब्द ऐकला आणि हौसाचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या भुवईकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही, तेवढाही शहाणपणा सुचला नाही. मी तिच्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तशी बघत राहिले.

तिच्याकडं बोलायला पुष्कळ होतं. मावशीचं नाव, डॉक्टरचं नाव, किती टाके पडले ते. एक शब्द बोलली असती तर माझी अब्रू तिथंच गेली असती. हौसानं उजवा हात वर केला. डोक्याच्या वर, सरळ, मैदानात करतात तसा.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "वय झालं. माणूस चुकलं. माफ करा, बाई."

आणि हात खाली करून ती जायला वळली. ढाल ह्यांच्या हातातच राहिली.

"पण हौसाताई," भूषण गोंधळून गेला होता, "मग मिरजेचे अकरा गुण लिहायचे कुणाच्या नावावर?"

"माझं न्हवंत. त्यांचंबी न्हवंत म्हणत्यात. मोकळं सोड."

ढाल दुसऱ्या नंबरच्या बाईला दिली. हौसा जेवायला थांबली नाही. आत्याबाईंनी तीन जिलेब्या खाल्ल्या. माझ्या पानातली माशा खात होत्या.

परत येताना गाडी सांगलीबाहेर पडली. मग हे म्हणाले, "बाई खोटारडी वाटली नाही हो. नुसतं नाव चुकलं असेल. खोटं बोलायचं तर ढाल घेऊन गप्प बसली असती."

"पुरे तिचं कौतुक," आत्याबाई म्हणाल्या. पण थोड्या वेळानं खिडकीतून बाहेर बघत त्याच म्हणाल्या, "अकरा गुण म्हणजे लई व्हय रे?"

"एका फायनलमध्ये? लईच, आई."

"कुणाची का असंना, पोरगी जबरी असणार."

हे हसले. आरशातून माझ्याकडं बघितलं. "आणि खरंच तू असतीस ना, तर मी शाळेत तुझा फोटो लावला असता. गावभर सांगत सुटलो असतो."

मी खिडकीची काच खाली केली.

आत्याबाई दोन वर्षांनी गेल्या. तेव्हा तरी बोलायचं होतं मी. आता कुणाच्या शब्दाला धक्का लागणार होता? पण तोवर गोष्ट अप्पांच्या शब्दाची राहिलीच नव्हती. भोंग्यातून गेलेल्या माझ्या वाक्याची झाली होती. आणि हौसानं हजार लोकांसमोर माझी माफी मागितली, ती परत कशी करायची ते मला कळत नव्हतं. हौसा आहे अजून. कुपवाडला लेकाकडं असते. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिनं पुन्हा केला नाही, मी लावला नाही.

मागच्या वर्षी भूषणनं त्या आकड्यांचं पुस्तक छापलं आणि एक प्रत सरांना पाठवली. मी कणीक मळत होते. हे चष्मा लावून स्वयंपाकघरात आले.

"अगं, हे बघ, मिरजेची फायनल. सगळ्या जणींची नावं आहेत. आणि हे सात नंबर. नावाच्या जागी नुसती रेघ, पुढं गुण अकरा." त्यांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. "सगळ्यात जास्त गुण तिचे, आणि बिचारीचं नावच कुणाला माहीत नाही. वाईट वाटतं बघ."

"हं."

"शहात्तर साल म्हणजे आपल्या लग्नाचं." ते माझ्याकडं बघत राहिले, मग सवयीनं अंगठा माझ्या भुवईवरून फिरवला. ती खूण त्यांना लग्नापासून आवडते. "त्याच साली तू बस्तीच्या पायरीवरून पडली होतीस. नाही का?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. नुसती आठवण होती. विचारून ते थांबले, आणि वाट बघत उभे राहिले.

"हो," मी म्हटलं.

माझा उजवा हात कणकेत होता. वर काढता आला असता.